झोपेतल्या शेतीचा हिशेब

रमजानमध्ये आमच्या बिबवेवाडीतल्या बिल्डिंगच्या जिन्यावर रात्री एक वाजता जितकी जाग असते, तितकी इतर महिन्यांत संध्याकाळी सातलाही नसते. तरावीह झालेली असते, सहरीला वेळ असतो, घरात पाय पसरायला जागा नसते. मग पोरं मोबाइल घेऊन पायऱ्यांवर बसतात. याच जिन्यावर माझ्या भाच्याने मला विचारलं, "मामू, तुम्ही ईव्ह खेळायचात ना? त्यात स्किल फार्मिंग करून खरंच पैसे सुटतात का?"

भाचा एकोणीस वर्षांचा आहे, अप्परला राहतो, बीसीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रश्न सहज विचारल्यासारखा होता, पण तयारी पूर्ण होती. त्याच्या मोबाइलवर एक एक्सेल शीट होतं. तीन खाती, नऊ पात्रं, महिन्याचा खर्च, महिन्याचं उत्पन्न, सगळं मांडलेलं. सुरुवातीचं भांडवल वीस हजार. ते कुठून येणार? "नानीची भिशी या महिन्यात लागलीये. मी तिच्याशी बोललोय." नानी म्हणजे माझी अम्मी. आणि मामूला विचारायचं कारण असं, की अम्मीने त्याला सांगितलं होतं, मामू हो म्हणाला तर देते.

मी लगेच नाही म्हणू शकलो नाही. कारण हा उद्योग मी स्वतः केला आहे. 2016 ची गोष्ट. इंजिनिअरिंग करून नोकरीला लागलो होतो, रोज बिबवेवाडी ते हिंजवडी आणि परत, आणि रात्री ईव्ह ऑनलाइन. माझीही नऊच पात्रं होती. चौदा महिने मी ही शेती केली. म्हणून त्याला जे सांगितलं ते इथे जरा सविस्तर लिहितो. कारण हा प्रश्न एकट्या माझ्या भाच्याचा नाही. गेम बदलतो, प्रश्न तोच असतो.

आधी ही शेती असते कशी ते सांगतो. ईव्ह ऑनलाइन हा आइसलँडमधल्या सीसीपी नावाच्या कंपनीने 2003 मध्ये सुरू केलेला अंतराळातला गेम. यात हजारो लोक एकाच विश्वात खेळतात, खाणी खोदतात, जहाजं बांधतात, विकतात, एकमेकांची उडवतात. बाजार इतका खरा, की कंपनीने 2007 मध्ये एक अर्थशास्त्रज्ञच नोकरीला ठेवला होता. या गेमची खासियत अशी, की पात्राचं कौशल्य तुम्ही बटणं दाबून वाढत नाही. घड्याळ चालतं तसं ते वाढतं. तुम्ही अभ्यासक्रम लावून ठेवायचा. तुम्ही ऑफिसात असा, झोपेत असा, गुण जमा होत राहतात. पात्राला सगळ्यात भारी इम्प्लांट बसवले आणि त्याची मांडणी नीट लावली, तर तासाला साधारण 2,700 गुण.

फेब्रुवारी 2016 मध्ये कंपनीने एक नवी वस्तू आणली: स्किल एक्स्ट्रॅक्टर. ती पात्राला लावली की त्याच्यातून 5 लाख गुण उपसून बाहेर निघतात आणि इंजेक्टरच्या रूपात बाजारात विकता येतात. ज्याच्याकडे पैसा आहे पण वाट बघायची तयारी नाही, तो ते विकत घेऊन स्वतःच्या पात्राला टोचतो. अट एकच, उपसल्यावर पात्राकडे निदान 50 लाख गुण उरले पाहिजेत. म्हणजे पात्र 55 लाखांवर गेलं की कापणी करायची, ते पुन्हा 50 वर येतं, पुन्हा वाढतं, पुन्हा कापणी. माझी नऊ पात्रं चौदा महिने एका स्टेशनात उभी होती. एकानेही कधी जहाज बाहेर काढलं नाही. शिकत होती, आणि जे शिकली ते महिन्याला गमावत होती.

आता हिशेब. तासाला 2,700 म्हणजे दिवसाला 64,800, महिन्याला सुमारे साडेएकोणीस लाख. म्हणजे एका पात्रामागे महिन्याला जेमतेम चार इंजेक्टर. ऐकायला बरं वाटतं. पण पहिली कापणी होण्याआधी पात्र 55 लाखांवर पोचलं पाहिजे, आणि या वेगाने त्याला 85 दिवस लागतात. नव्या पात्राला थोडे गुण फुकट मिळतात, त्यामुळे काही दिवस वाचतात, पण नव्या पात्राचा वेगही सुरुवातीला पूर्ण नसतो. तेवढे दिवस वर्गणी भरायचीच आहे. फुकट खेळणाऱ्याचं शिक्षण कंपनीने बरोबर 50 लाखांवर थांबवलेलं आहे, म्हणजे कापणी जिथून सुरू होते त्याच रेषेवर. एका खात्यात एकाच वेळी एकच पात्र शिकतं. बाकीच्या दोघांना शिकवायचं तर प्रत्येकाचा वेगळा परवाना. आणि दर कापणीला एक एक्स्ट्रॅक्टर लागतो, तो कंपनीच्या दुकानातून निघालेला. पीक येवो न येवो, कंपनीचं बियाणं, कंपनीचं पाणी, कंपनीचा खंड.

यातली एक गोष्ट मला तेव्हा मजेशीर वाटायची, आता वाटत नाही. उपसताना 5 लाख गुण निघतात, पण टोचून घेताना पूर्ण 5 लाख फक्त नवख्यालाच मिळतात. 50 लाखांच्या वर ज्याचे गुण आहेत त्याला 4 लाख, 5 कोटींच्या वर 3 लाख, आणि 8 कोटींच्या वर गेलेल्या जुन्या धेंडाला फक्त दीड लाख. बाकीचे साडेतीन लाख हवेत. माझ्या पात्राने आठवडाभर शिकलेलं कुणीतरी दोन सेकंदांत टोचून घ्यायचा आणि त्यातलं सत्तर टक्के वाया जायचं, आणि त्याला त्याचं काही वाटायचं नाही, कारण त्याला वेळ विकत हवा होता.

भाच्याच्या शीटमध्ये हे सगळं होतं. गंमत म्हणजे बरोबर होतं. इंजेक्टरचे बाजारभाव त्याने हाताने भरले नव्हते. गेमचं जे खुलं एपीआय आहे, त्यातून ते रोज आपोआप शीटमध्ये येत होते. ते पाहून मी दोन मिनिटं गप्प बसलो. हे कुठे शिकलास विचारलं, तर म्हणाला, असंच, बघून बघून.

पण शीटचा शेवटचा रकाना चुकला होता. तिथे लिहिलं होतं, 'नफा, रुपयांत'.

ईव्हमधलं चलन म्हणजे इस्क. रुपयांचं इस्क करता येतं: कंपनीकडून प्लेक्स नावाची वस्तू खऱ्या पैशाने घ्यायची आणि गेमच्या बाजारात इस्कला विकायची. त्याला पूर्ण परवानगी आहे. उलटा रस्ता नाही. इस्क विकून रुपये घेणं नियमाविरुद्ध आहे, सापडलं तर खातं बंद. शेती चांगली चालली तर त्या इस्कमधून प्लेक्स घेऊन पुढच्या महिन्याची वर्गणी भागते, वर काही उरलं तर मोठं जहाज घेता येतं. बस. माझ्याकडे चौदा महिन्यांनंतर कित्येक अब्ज इस्क होते. पहिल्या तीन महिन्यांची वर्गणी माझ्या पगारातून गेली होती, ती कधीच परत आली नाही.

"पण मामू, लोक विकतात ना. टेलिग्रामवर ग्रुप आहेत."

हो, विकतात. आणि हे फक्त ईव्हपुरतं नाही. अप्परच्या पोरांपैकी ईव्ह कुणी ऐकलेलाही नसेल. तिथे बीजीएमआय आणि फ्री फायर. पण धंदा तोच आहे: महिनोन्‌महिने खेळून लेव्हल चढवायची, स्किन जमवायच्या, आणि आयडी इन्स्टावर विकायचा. आमच्याच गल्लीतल्या एका मुलाने असाच आयडी साडेसहा हजाराला विकला. पैसे यूपीआयने आले. घरात मिठाई आणली. तीन आठवड्यांनी त्याचं बँक खातं गोठलं. ज्याने पैसे पाठवले, त्याच्याकडे ते दुसऱ्या कुणाला तरी फसवून आले होते. त्या फसलेल्या माणसाने 1930 वर तक्रार केली, आणि पैसा ज्या ज्या खात्यातून फिरला त्या सगळ्यांवर होल्ड लागला. या मुलाच्या खात्यात साडेसहा हजारच नव्हते. आईचे शिलाईचे पैसेही त्यातच होते. बँकेत सांगितलं, आमच्या हातात काही नाही, तक्रार दुसऱ्या राज्यात नोंदली आहे, तिथल्या पोलिसांशी बोला.

कुणाही मुलावर हे आलं तर वाईटच. पण त्या माउलीची पहिली प्रतिक्रिया मी विसरत नाही. पैसे कधी मिळतील असं तिने विचारलं नाही. ती म्हणाली, "बाहेर कोणाला सांगू नका." आपल्या नावाच्या मुलाची चौकशी चालू आहे, दुसऱ्या राज्यातून पोलिसांचा फोन आला आहे, एवढं वाक्य गल्लीतून ऑफिसापर्यंत आणि ऑफिसातून भाड्याच्या घरमालकापर्यंत जाताना काय होतं, हे तिला माहीत होतं. तुम्हालाही माहीत आहे. म्हणून तो मुलगा दोन महिने पत्रसुद्धा न लिहिता बसून राहिला. दुसरा एखादा मुलगा वकिलाकडे गेला असता, हा लपला. साडेसहा हजाराच्या आयडीची खरी किंमत अशी ठरते, आणि ती कुणाच्या शीटमध्ये नसते.

भाच्याने आणखी एक चौकशी केली होती, हलाल की हराम. एका मौलानांचा व्हिडिओ पाहिला होता. त्यांचं म्हणणं असं, की शर्त लावली नाही, जुगार नाही, तर हरकत नाही. त्यांचं उत्तर चूक आहे असं मी म्हणत नाही. तो माझा अधिकारही नाही. पण आपल्याकडे एक सवय लागली आहे. कुठलाही नवा व्यवहार आला की आपण त्याला हलाल-हरामच्या फाटकावर उभं करतो, आणि तिथून सुटला की पुढे काहीच विचारत नाही. माल कुणाचा, नियम कोण बदलू शकतो, भांडण झालं तर दाद कुठे, हे प्रश्न विचारायला आपल्याला कुणी अडवलेलं नाही. काळाची शपथ घेऊन सुरू होणारी सूरह अस्र आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे. खरं सांगायचं तर लहान आहे म्हणून घाईच्या नमाजात आपण तीच वाचतो. आणि वेळ विकण्याच्या धंद्याबद्दल विचारताना तिची आठवण कुणालाच होत नाही.

माझे अब्बा मार्केट यार्डात भुसार बाजारात हमाल होते. पाठीवर पोती वाहायचे. आमच्या घरातून ते चालत जायचे आणि चालत यायचे. त्यांच्या कामाला कुणी स्किल म्हटलं नाही. पण बाबा आढावांच्या हमाल पंचायतीसारख्या संघटना उभ्या राहिल्या, 1969 मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला, आणि त्या पाठीवरच्या पोत्याला मजुरी म्हणून नोंद मिळाली. मजुरीचा हिशेब मंडळाकडे, वर व्यापाऱ्याकडून लेव्ही, त्यातून फंड. अब्बांच्या फंडातून माझ्या इंजिनिअरिंगच्या दोन वर्षांची फी गेली. पोतं व्यापाऱ्याचं होतं, गाळा व्यापाऱ्याचा होता, पण वाहिल्याबद्दल काय देणं लागतं हे ठरवणारा व्यापारी एकटा नव्हता.

मी नऊ पात्रांची शेती करत होतो तेव्हा अब्बांनी एकदा स्क्रीनकडे बघून विचारलं होतं, "हे कुणाचं आहे?" मी म्हणालो, माझं. ते चूक होतं. गेमच्या करारात स्वच्छ लिहिलेलं असतं, की पात्र, चलन, वस्तू, सगळं कंपनीचं. आपल्याला फक्त वापरायची परवानगी. आपल्याकडे 1948 मध्ये कूळकायदा आला आणि कसणाऱ्याला जमिनीवर काही हक्क मिळाला. इथे कसणाऱ्याला एवढाही हक्क नाही की मालकाने खंड वाढवला तर तक्रार करावी. ईव्हची महिन्याची वर्गणी मे 2022 मध्ये 14.99 डॉलरवरून 19.99 डॉलर झाली. ज्यांची शेती काठावर चालली होती त्यांचा हिशेब त्या दिवशी बदलला. कंपनीने यात काही बेकायदा केलं नाही. दुकान तिचं आहे.

आणि कधी कधी दुकानच उचललं जातं. 2 सप्टेंबर 2020 ला पबजी मोबाइलवर बंदी आली, फेब्रुवारी 2022 मध्ये फ्री फायरवर, जुलै 2022 मध्ये बीजीएमआय स्टोअरवरून गेलं ते मे 2023 मध्ये परत आलं. आयडी पिकवणाऱ्या पोरांचा माल त्या त्या दिवशी शून्य झाला. ऑगस्ट 2025 च्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आली, ई-स्पोर्ट्सला मान्यता मिळाली. चांगलं झालं. पण गेममधलं काम हे काम आहे का, या प्रश्नाला त्या कायद्यानेही हात लावलेला नाही.

दुसऱ्या देशांत हा प्रश्न पोटाचा झाला आहे. व्हेनेझुएलात चलन कोसळलं तेव्हा तिथले लोक रूनस्केप नावाच्या जुन्या गेममध्ये हिरवे ड्रॅगन मारून सोनं जमवायचे आणि ते विकून घर चालवायचे, कारण त्या सोन्याला त्यांच्या देशाच्या नोटेपेक्षा जास्त भाव होता. त्यांना हसण्याचा अधिकार मला तरी नाही. फिलिपाइन्समध्ये 2021 साली लॉकडाउनमध्ये रोजगार गेलेली माणसं अ‍ॅक्सी इन्फिनिटी खेळून कमावत होती. खेळायला लागणारे प्राणी महाग, म्हणून ते दुसऱ्याकडून घ्यायचे आणि कमाईचा वाटा त्याला द्यायचा. या कुळांना तिथे 'स्कॉलर' म्हणत, हा शब्द मला फार बोचतो. त्या गेमचं कमाईचं टोकन 2021 च्या मध्याला तीस सेंटच्या वर गेलं होतं, वर्षभरात ते एका सेंटच्याही खाली आलं. मधेच, मार्च 2022 मध्ये, गेमच्या जाळ्यातून 60 कोटी डॉलरच्या वर रक्कम चोरीला गेली. अमेरिकेच्या एफबीआयने ती उत्तर कोरियाच्या हॅकरांवर टाकली. स्कॉलरांना त्यात काय विचारणार?

आपल्याकडे मौलाना आझाद फेलोशिप डिसेंबर 2022 मध्ये बंद झाल्याचं सरकारने लोकसभेत सांगितलं, पहिली ते आठवीची अल्पसंख्याक शिष्यवृत्तीही त्याच वर्षी थांबली. स्कॉलर हा शब्द आपल्या पोरांच्या आयुष्यातून एका बाजूने जातोय आणि दुसऱ्या बाजूने असा येतोय. म्हणून माझं म्हणणं आहे, की गेममधल्या कमाईला 'पोरं बिघडली' या खात्यात टाकून मोकळं होऊ नका. आपल्या अभ्यासवर्गांत फातिमाबी, हमीद दलवाई, संविधान हे विषय होतात, व्हायलाच हवेत. एक रविवार याचाही घ्यावा: करारातली ओळ कशी वाचायची, अनोळखी माणसाचा पैसा खात्यात का घ्यायचा नाही, खातं गोठलं तर पहिल्या दिवशी काय करायचं. हे शिकवणारी माणसं आपल्यातच आहेत. अर्धी तर जिन्यावरच बसलेली असतात.

मी भाच्याला गेम खेळू नको म्हटलं नाही. मी स्वतः अजून खेळतो. त्याला एवढंच सांगितलं, की शेवटच्या रकान्यात रुपये लिहिलेस ते खोड आणि 'वर्गणी वाचली' असं लिही, मग बघ नानीकडे मागावंसं वाटतं का. तो बराच वेळ शीट खालीवर करत राहिला. मग म्हणाला, "मग हे सगळं बनवलं ते फुकटच ना?" मी विचारलं, हे एपीआयचं काम बायोडेटात टाकलंस का. म्हणाला, "गेमचं काय टाकायचं मामू, हसतील." मी ज्या टीममध्ये काम करतो तिथे नव्याने आलेल्यांना बाहेरून डेटा आणून तो रोज ताजा ठेवायला शिकवायला आम्हाला कित्येक आठवडे लागतात. हे त्याला सांगितलं. पटलं की नाही माहीत नाही. त्याने फुकटचं एक खातं उघडलंय, आणि जहाज रोज बाहेर काढतो, माझ्यासारखं स्टेशनात उभं करत नाही. परवा त्याने माझं जहाज उडवलं.

अम्मीची भिशी तिच्याकडेच आहे. तिने अजून काही ठरवलेलं नाही.

गल्लीतल्या त्या मुलाचं खातं अजून गोठलेलंच आहे. मागच्या शनिवारी आम्ही तिघं बसलो. त्याने चॅटचे स्क्रीनशॉट काढले, मी बँकेला आणि तपास अधिकाऱ्याला द्यायचं पत्र मराठीत लिहिलं, भाच्याने त्याचं इंग्रजी केलं. त्याची आई चहा घेऊन आली, पत्र हातात घेतलं, आणि वर मुलाचं पूर्ण नाव लिहिलंय का ते आधी पाहिलं. लिहिलं होतं.